सगळ्यात महाग निविदा

आमचं काम डोकं बाजूला ठेवून करायचं. जुनी छापील कागदपत्रं स्कॅन होऊन पुण्यात येतात. मशीनने वाचलेला मजकूर मूळ पानाशी ताडायचा, चूक दिसली की लाल खूण. त्या दिवशी अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या नगरपरिषदेचं १८८२ चं इतिवृत्त होतं. गटारं, दिवाबत्ती, कुणाच्या तरी दारातला फुटपाथ. जांभयांवर जांभया.

मग रस्तेसफाईचा पाच वर्षांचा ठेका आला. मंजूर निविदा ४,२२,५०० डॉलरची, आणि त्याच कामाला दुसऱ्याने लाखाहून जास्त डॉलर कमी मागितलेले. नक्की आकड्यांची अदलाबदल! मशीन ३ आणि ८ मध्ये तर रोजच गंडतं. पान मोठं करून बघितलं, शाई स्वच्छ, आकडा तोच. तरी खूण केली: ‘मुळात छपाईची चूक?’

शेजारी काका बसतात, नगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वाचलं. “चूक कसली? व्यवस्थित ठरवून केलंय. पुढे बघ, कुणी बोंब मारली का.”

मारली होती. २६ जूनला महापौराने ठराव फेटाळला. ही स्पष्ट बोलायची वेळ आहे, अशी सुरुवात, आणि पुढे हा ठेका म्हणजे जनतेशी दगा करणारा निर्लज्ज डाव आहे, असं तोंडावर. (‘शेमलेस’मधल्या एचचा मशीनने बी केला होता. तो मी फार प्रेमाने दुरुस्त केला.) खाली सही ग्रोव्हर क्लीव्हलँड.

जेवणाच्या सुट्टीत शोधलं. कॉलेजचं तोंड न बघता वकिलाच्या ऑफिसात शिकून १८५९ मध्ये सनद मिळवलेला माणूस. शेरीफ असताना फाशीचा खटका दुसऱ्यावर न ढकलता स्वतः ओढला. महापौर जेमतेम वर्षभर, १८८३ मध्ये न्यूयॉर्कचा गव्हर्नर, १८८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष! यादवी युद्धात मात्र १५० डॉलर देऊन बदली माणूस पाठवला होता, हेही काकांना सांगितलं.

“ते राहू दे. ठेक्याचं काय झालं?”

“नगरपरिषदेने ठराव फिरवला. कमी पैसेवाल्याला दिला.”

“आणि आधी हात वर करणारे?”

मी खूण पुसली आणि पान उलटलं. पुन्हा गटारं.