माल टेम्पोत चढण्याआधी

जुनी वस्तू ऑनलाइन विकताना जाहिरात लिहिणे आणि फोटो काढणे ही सोपी कामे आहेत. खरा त्रास घेणारा माणूस वस्तू न्यायला अंगणात येऊन उभा राहतो तेव्हा सुरू होतो. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. मुले शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने पुण्याला गेल्यापासून घरातले जास्तीचे सामान मी एकेक करून विकत आले आहे: लोखंडी कूलर, शिलाई मशीन, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप, एक दिवाण आणि अगदी अलीकडे मोटारसायकल. जाहिरात फेसबुकच्या मार्केटप्लेसवर आणि तालुक्याच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असते. शहरातल्या विक्रेत्याला अनोळखी माणसाची भीती वाटत असेल, पण आमची अडचण नेमकी उलटी आहे. नेर, दिग्रस किंवा आर्णीहून आलेला माणूस पाण्याचा पेला हातात घेताच कुणाचा तरी साळा किंवा व्याही निघतो, आणि एकदा नाते निघाले की ठरलेला भाव पुन्हा उकरून काढण्याचा अधिकार आपल्याला मिळाला, असे तो धरून चालतो.

कूलरचेच पाहा. विदर्भात गुढीपाडव्यानंतर जुन्या कूलरला मागणी येते, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत ती टिकते आणि मृग लागला की तीच वस्तू घरातली अडचण होऊन बसते. हे पंचांग घेणाऱ्यालाही पाठ असते. त्यामुळे एप्रिलमध्ये भाव ठरवून "दोन दिवसांत येतो" म्हणणारे काही जण जूनमध्ये आभाळ भरून आल्यावर उगवतात आणि आता कूलर कोण घेतो, असे म्हणून निम्म्या किमतीची भाषा करतात. यावर माझा उपाय इसाराचा आहे. बैलबाजारात इसार दिल्याशिवाय बैल राखून ठेवत नाहीत. मग कूलर तरी का ठेवावा? पाचशे रुपये इसार आल्यावरच मी वस्तू राखून ठेवते, आणि कोणत्या तारखेपर्यंत न्यायची, तोवर न नेल्यास इसाराचे काय होईल, हे त्याच वेळी व्हॉट्सअॅपवर लिहून त्याच्याकडून होकार घेते. इसार मागितला की फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण आपोआप गळतात. त्यांचे मला वाईट वाटत नाही.

सर्वांत कठीण क्षण मात्र वस्तू उचलण्याचा असतो. घेणारा छोटा हत्ती घेऊन येतो, बरोबर तीन-चार माणसे असतात, सगळ्यांचा चहा होतो, आणि पैशाचा विषय निघण्याआधीच दोघे जण कूलरला हात घालून तो टेम्पोत चढवून मोकळे होतात. दोर बांधून झाला की मग हळूच वाक्य येते, "ताई, भाड्याचे पाचशे तं तुमाले सोडाच लागन." बांधलेली वस्तू पुन्हा उतरवायला लावणे कुणाच्याही जिवावर येते, शेजारीपाजारी पाहत असतात आणि चहा पिऊन गेलेल्या माणसाशी वाद घालणे बरे दिसत नाही, याचा त्याला पुरता अंदाज असतो. वस्तू जमिनीवर असते तोवर टेम्पोचे भाडे भरून आलेला माणूस अडलेला असतो, आणि ती चढली की विकणारा अडतो. म्हणून वस्तू दाखवायची, चालवून दाखवायची, पैसे घ्यायचे आणि मगच उचलू द्यायची, हा क्रम मी कुणासाठीही बदलत नाही. "भीड भिकेची बहीण" असे आमची आजी म्हणत असे. त्याच न्यायाने, तो भाडे भरून आला आहे म्हणून ऐनवेळी भाव वाढवण्याचा मोहही मी टाळते. जाहिरातीत न सांगितलेला पोचा किंवा गंज त्याला दिसला, तर त्याने मागितलेली सूट रास्त आहे आणि ती द्यायला हवी.

चालवून दाखवण्याचीही आमच्याकडे एक गंमत आहे, ती म्हणजे घेणारा आला की वीज जाते. घेणारा खाटेवर बसून राहतो, वेळ जातो आणि शंका वाढते. त्यामुळे वीज असेल तेव्हा कूलरमध्ये पाणी भरून, पंखा आणि पंप दोन्ही सुरू करून मी सलग व्हिडिओ काढते आणि घेणारा घरून निघण्याआधी त्याला पाठवते. "नंतर पंप जळाला तर?" हा प्रश्न तरीही येतोच. जुन्या वस्तूची हमी मी देत नाही, हे वाक्य जाहिरातीतही असते.

पैसे मिळणे ही स्वतंत्र कथा आहे. गावात नेटवर्क कधी असते, कधी नसते. घेणारा स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवतो आणि इकडे माझ्या खात्यात काहीच जमा झालेले नसते. बहुतेक वेळा तो खराच असतो, पण पैसे पाठवल्याची खोटी स्क्रीन दाखवणारी अॅप निघालेली असल्यामुळे मी स्क्रीनशॉट किंवा मेसेजवर विसंबत नाही. आपल्याच बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक पाहते आणि ती वाढेपर्यंत वस्तू हलवू देत नाही. त्याच्या खात्यातून रक्कम गेली आणि माझ्याकडे पोहोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हायला हवी आणि पुढे उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते, हे शांतपणे सांगितले की माणूस निवळतो. रोख आणली असेल तर ओसरीवरच, सर्वांसमोर मोजून घ्यावी.

वस्तू न पाहताच पूर्ण किमतीला तयार होणारा, आपण सैन्यात आहोत असे सांगून क्यूआर कोड पाठवणारा माणूस हा घेणारा नसतोच. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. यूपीआयवर व्यक्ती-व्यक्तींमधील कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागणारी विनंती, ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली असली, तरी कोडची युक्ती अजून चालू आहे. कुणी फसलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा.

"सोयाबीन विकलं का देतो" म्हणणाऱ्याला मी सरळ सांगते की सोयाबीन विकल्यावरच या, वस्तू तोवर शिल्लक असेल तर तुमची. उधारी मागणारा नेहमी ओळखीचा असतो, आणि वसुलीला त्याच्या दारात जाण्यापेक्षा आज नाही म्हणणे कमी कडू असते.

आणखी एक गोष्ट बायकांच्याच वाट्याला येते. माझ्याशी भाव ठरवून झाल्यावर कित्येकांना तो खरा वाटत नाही. "भाऊ घरी हाये का? त्यायले द्या न फोन," असे म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, कारण पुरुष पुरुषाचे ऐकेल असा त्यांचा हिशेब असतो. आमच्या घरी त्यावर एकच ठरलेले उत्तर मिळते: वस्तू तिची आहे, तिलाच विचारा. आता जाहिरातीतच मी लिहिते की व्यवहार माझ्याशीच होईल. ते वाचून काही जण फोनच करत नाहीत, त्यामुळे माझा चहाही वाचतो.

मोटारसायकलच्या बाबतीत मात्र पैसे मिळाल्यावरही काम संपत नाही. "गाडी नेतो, नावावर नंतर करून घेतो," असे म्हणणारा घेणारा कितीही सज्जन असला, तरी नोंदणी आपल्या नावावर असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या समोरासमोर झाल्या, त्याच्या आधार आणि लायसन्सची झेरॉक्स घेतली, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून त्याची सही घेतली, आणि मगच किल्ली दिली. विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते, ते मी त्याच्यावर न सोपवता स्वतः केले. परिवहनच्या पोर्टलवर त्याचे नाव दिसेपर्यंत त्याला अधूनमधून फोन करत राहिले, आणि तिसऱ्या फोनला तो थोडा चिडलासुद्धा.