दापोलीच्या रायवळावर दोराने चढाई

कातळावर चढणारी आमची मंडळी, झाडावर दोर लावून चढायची ही पहिलीच खेप. सोबत हे काम येणारा एक जाणता गडी होता आणि तसा कुणी नसेल तर जाऊ नका. पुण्याहून पहाटे निघून ताम्हिणी उतरलो आणि माणगाव, महाड, खेड करत जेवणाच्या वेळेला दापोलीजवळ मित्राच्या वाडीत पोचलो. झाड रायवळ आंब्याचं, पहिली दणकट फांदी १२ मीटरवर. हापूसच्या कलमांवर असले उद्योग करायचे नाहीत, मालक काठी घेऊन येईल.

झाड निवडण्यात घाई नको. आंबा, चिंच, वड चालतात. जांभूळ कितीही भरभक्कम दिसो, फांदी कटकन मोडते. शेवगा-पांगाऱ्याचा तर विचारही नको. फांदी जिवंत हवी, किमान १५ सेंटीमीटर जाड, आणि दोर खोडालगत बसलेला हवा. दुर्बिणीने वर नीट बघून घ्या. वाळकी फांदी कुठे अडकली आहे का, शेकरूचं घरटं आहे का, हुमल्यांनी, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांनी, पानं शिवली आहेत का. जवळून विजेची तार गेली असेल तर ते झाड सोडा. आग्या मोहोळ दिसलं तर त्या झाडाखाली गप्पा मारायलाही थांबू नका.

खरा वेळ खातो तो दोर वर पोचवण्याचा कार्यक्रम. बारीक, गुळगुळीत दोरीला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाची छर्र्यांची पिशवी बांधायची, दोन्ही पायांमधून झोका द्यायचा आणि सोडायची. पिशवी हव्या त्या फांदीवरून सोडून बाकी सगळीकडून जाते. वाडीतला पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा गडी, बांधावर बसून म्हणाला, "एवढ्यात माझे चार माड झाले असते." एकदा दोरी पडली की तिच्या मागे मुख्य दोर ओढून घ्यायचा. फांदीवर टेकणारा भाग जाड नळीतून ओवलेला असावा, नाहीतर साल सोलवटते आणि दोरही झिजतो. मग जमिनीवरूनच दोघांनी मिळून दोराला लटकून बघायचं.

कातळावरचा ताणला जाणारा दोर इथे कामाचा नाही, निम्मी ताकद नुसतं वरखाली हिंदकळण्यात जाते. कमी ताणणारा, निदान ११ मिलीमीटरचा घ्या. तो फांदीवरून दुहेरी येतो, म्हणून लांबी उंचीच्या दुपटीहून बरीच जास्त हवी. १२ मीटरला आम्ही ३० मीटरचा नेला होता.

दोराचं एक टोक हार्नेसला, म्हणजे कंबर-मांड्यांच्या पट्ट्याला, बांधायचं, आणि त्याच टोकाच्या उरलेल्या शेपटाने दुसऱ्या बाजूच्या दोरावर ब्लेक्स हिच मारायची, म्हणजे सरकणारी पण वजन पडलं की आवळणारी गाठ. खालून वर चार वेढे, शेपूट खाली आणून उभ्या दोराच्या मागून घालायचं आणि खालच्या दोन वेढ्यांतून बाहेर काढायचं. शेपटाला आठची गाठ हवीच, नाहीतर हिच सुटू शकते. खाली प्रुसिकने, म्हणजे तशाच सरकत्या गाठीने, पायासाठी फास करायचा. फासात उभं राहायचं, हिच वर सरकवायची, बसायचं, फास वर घ्यायचा. असंच फांदीपर्यंत. अमेरिकेत अटलांटाच्या पीटर जेंकिन्सने १९८३ मध्ये हौशी लोकांना झाडावर चढायला शिकवणारी संस्था काढली, तिथेही सुरुवात अशाच दुहेरी दोराने होते.

उतरताना हिचच्या डोक्यावर हात ठेवून हलकं खाली ओढायचं, की आपण सरकतो. घाबरलेला माणूस नेमकी तीच गाठ मुठीत घट्ट धरतो आणि सरकतच राहतो. हात सोडला की गाठ आवळते. हे जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून पाठ करा, अंगात भिनेपर्यंत. भरभर उतरलात तर घर्षणाने गाठ तापून दोर वितळतो. दोराच्या खालच्या टोकालाही गाठ मारून ठेवा.

कातळाचा हार्नेस चालतो, पण अर्ध्या तासात मांड्या बधिर होतात. पायाच्या फासात अधूनमधून उभं राहा. हेल्मेट वर जाणाऱ्यालाच नाही, खाली उभ्या असलेल्यांनाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, छर्र्यांची जास्तीची पिशवी आणि जास्तीची बारीक दोरी बरोबर ठेवा, कारण एखादी फांदीत अडकून कायमची राहतेच. आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला गेलो. मोहोर आला की वाडीवाले झाडाला हात लावू देत नाहीत आणि पावसात साल शेवाळते, तेव्हा दिवाळीनंतरचे पहिले काही आठवडेच धरा. मालकाला आधी फोन करून जा.