सोप्यातलं गाणं माडीवर

गाण्यांचा सगळा संग्रह सर्व्हरवर, म्हणजे घरातल्या एका संगणकावर. खोलीखोलीत रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा प्लेयर, तो सर्व्हरवरून गाणं घेऊन वाजवतो. अशा यंत्रणेच्या या आठवडाभराच्या नोंदी.

सोमवार

रात्रभर पाऊस. लाईट तीनदा गेली, तीनदा आली. तरी सहाच्या गजराला सोप्यात तंबोरा बरोबर सुरू. हे श्रेय पायकोअरप्लेयरचं, म्हणजे प्लेयरमधल्या प्रणालीचं. रास्पबेरी पाय चालू होताना ही प्रणाली मेमरी कार्डावरचं सगळं रॅममध्ये उचलते आणि पुढे कार्डाला सहसा हात लावत नाही. नेहमीची प्रणाली कार्डावर सतत लिहीत असते, आणि लिहिता लिहिता लाईट गेली की कार्ड खराब. एकच पथ्य: कमांड देऊन केलेला बदल बॅकअप घेतल्याशिवाय रीस्टार्टनंतर उरत नाही.

सर्व्हरला मात्र यूपीएस हवाच, कारण त्याच्या डिस्कवर डेटाबेस लिहिला जातो. राऊटरलाही हवा. लाईट आल्यावर प्लेयर आधी जागा होतो, राऊटर मागून. प्लेयरला नेटवर्कवरचा पत्ता मिळत नाही, आणि आपण डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणारा भाग, गेला म्हणून स्क्रू खोलायला बसतो. बहुतेक राऊटरना 12 व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो; घेण्याआधी अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचावेत.

मंगळवार

'सोप्यातला प्लेयर दिसतो, माडीवरचा दिसत नाही' ही तक्रार जवळपास प्रत्येक घरात एकदा येतेच. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड. वायफाय पोचत नाही म्हणून माडीवर दुसरा राऊटर बसतो, आणि खालून आलेली तार त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे इंटरनेटसाठीच्या खाचेत, जाते. झालं, एका घरात दोन नेटवर्क. खाली पत्ते 192.168.1 ने सुरू, वर 192.168.0 ने. माडीवर इंटरनेट व्यवस्थित चालतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. पण प्लेयर सर्व्हरला हाक मारतो ती स्वतःच्या नेटवर्कपुरतीच, राऊटर ओलांडून जात नाही. वरचा राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता खालचंच पुढे पसरवतो. तो मोड नसेल तर त्याला खालच्या नेटवर्कमधला मोकळा पत्ता द्यायचा, डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं आणि तार लॅन पोर्टात, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या खाचेत, घालायची. सर्व्हरचा पत्ता मुख्य राऊटरमध्ये कायमचा राखून ठेवायचा. गेस्ट वायफायवर प्लेयर कधीच जोडू नये.

खरं तर कॅट सिक्स ही नेटवर्कची एक तार माडीपर्यंत नेली की निम्मं दुखणं जातं. 100 मीटरपर्यंत ती चालते. एवढा मोठा वाडा आता कुणाचा उरलाय?

बुधवार

सगळ्या खोल्यांत एकच गाणं, एकाच वेळी. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. माजघरात उभं राहून 10 मीटरवरच्या सोप्यातलं ऐकलं तर 30 मिलिसेकंदांचा फरक आपसूकच पडतो. तो यंत्राचा दोष नाही. पण एखाद्या खोलीत ब्लूटूथ स्पीकर जोडला की त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद वाढतात आणि तबलजी दोन बसल्यासारखे वाटतात. होम थिएटरचे अँप्लिफायरही आवाजावर प्रक्रिया करताना थोडा उशीर लावतात. लिरियन म्युझिक सर्व्हरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक प्लेयरचा उशीर मिलिसेकंदांत भरता येतो. दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात उभं राहून, दहा-दहाने बदलत जुळवावं. तपासायला तबला लावा; तंबोऱ्यावर काहीच कळत नाही.

हाच सर्व्हर 2001 च्या सुमारास स्लिमसर्व्हर म्हणून निघाला. 2006 मध्ये लॉजिटेकने तो बनवणारी कंपनी घेतली, 2012 मध्ये प्लेयर बनवणं थांबवलं, आणि तरीही वापरणाऱ्यांनी तो आजवर चालता ठेवलाय. लिरियन हे नाव 2024 चं.

गुरुवार

आज फक्त नावं, म्हणजे टॅग: गाण्याच्या फाईलमध्येच लिहिलेली गायक, राग, अल्बम अशी माहिती. सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि घरच्यांनी ही यंत्रणा वापरायची की नाही ते इथेच ठरतं.

शाहू महाराजांच्या दरबारात जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँ होते, म्हणून कोल्हापूरच्या संग्रहात त्या घराण्याची गायकी ठासून भरलेली असते. फोनवर कलाकारांची यादी उघडावी तर मल्लिकार्जुन मन्सूर तीन: नुसते, 'पं.' लावलेले आणि 'पंडित' लावलेले. मोगूबाई दोन, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. सर्व्हरसाठी ती वेगवेगळी माणसं. उपाधी टॅगमध्ये घालूच नये. लिपी एकच ठेवावी; अर्धं रोमन, अर्धं देवनागरी असेल तर यादीची दोन टोकं होतात. एमपीथ्रीटॅग या प्रोग्राममध्ये शंभर फायली एकदम निवडून नाव बदलता येतं.

राग कुठे लिहायचा? जॉनरमध्ये, म्हणजे संगीतप्रकाराच्या रकान्यात. 'हिंदुस्थानी शास्त्रीय' लिहून काय मिळतं, सगळंच तसलं. जॉनरमध्ये राग असला की मेनूतूनच मारव्यापर्यंत जाता येतं. जोडराग मात्र फोडू नयेत: बसंती केदार हा बसंती केदारच, बसंतात एकदा आणि केदारात एकदा नाही. अल्बम आर्टिस्टमध्ये मुख्य गायक, साथीदार वेगळे. नाहीतर एकाच मैफलीचे तुकडे होतात.

विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक असतील तर क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं, बंद. एमपीथ्री बनवताना फाईलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते, म्हणून जोडावर खंड पडू शकतो. फ्लॅक प्रकारच्या फायलींत पडत नाही. आवाज सारखा करायला रिप्लेगेन आहे, पण मैफलीला अल्बम गेन लावायचा, म्हणजे सगळ्या अल्बमला एकच फेरफार. ट्रॅक गेनने हळुवार आलाप आणि चढा द्रुत एकाच पातळीवर येतात. ट्रॅक गेन तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या नव्या गाण्यांत मिसळून वाजवताना.

शनिवार

सीडीचा अल्बम फ्लॅकमध्ये तीनशे ते चारशे एमबी. 1 टीबीत अडीच हजारांच्या आसपास बसतात. अडीच इंची डिस्क रास्पबेरी पायच्या यूएसबीवर थेट चालवली तर फिरायला लागताना जास्त वीज ओढते आणि व्होल्टेज पडतं. चार्जर मोबाईलचा असेल तर नक्कीच. डिस्कला स्वतःची वीज असलेला हब द्यावा.

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर सर्व्हर खालच्या मजल्यावर ठेवण्यात अर्थ नाही. संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या घरात, पंचगंगेपासून लांब.

रविवार

स्वयंपाकघरातला प्लेयर नऊच्या सुमारास अडखळतो. मायक्रोवेव्ह आणि 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय, जुनं भांडण. रास्पबेरी पायच्या झिरो टू डब्ल्यू मॉडेलला 5 गिगाहर्ट्झ येतच नाही, तिथे थ्री बी प्लस मॉडेल लावायला हवं. तोवर, कट उकळून होईपर्यंत, ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी.