थंड समुद्राने घडवलेलं वाळवंट: वॉल्व्हिस बे

नामिबियाच्या किनाऱ्यावर जाणारे बहुतेक पर्यटक स्वाकोपमुंडला उतरतात. जर्मन अमदानीतल्या सुबक इमारती, बेकऱ्या, समुद्रकाठी फिरायला वाट, म्हणून तिथे गर्दी असते. तीसेक किलोमीटर दक्षिणेचं वॉल्व्हिस बे त्यांना क्रेन आणि कंटेनरचं रुक्ष बंदर वाटतं. माझं मत अगदी उलट आहे. मुक्काम वॉल्व्हिस बेलाच करावा, आणि तोही खाजणाच्या काठावर.

कारण सकाळी रस्ता ओलांडला की समोर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात हजारोंनी उभे, पायांनी गाळ घुसळत आणि चोच उलटी धरून पाणी गाळून घेत. मोठा रोहित आणि लहान रोहित, दोन्ही जाती इथे शेजारी शेजारी चरतात. मोठा कोळंबीसारखे बारके जीव टिपतो, लहान सूक्ष्म शेवाळावर जगतो, त्यामुळे भांडण नाही. हा लहान रोहित आमच्या ऐरोलीच्या खाडीत येतो तोच. आपल्याकडचे रोहित विणीसाठी कच्छच्या रणात जातात. इथले चांगला पाऊस झाला की एटोशाच्या किंवा बोत्स्वानातल्या मकगाडिकगाडीच्या खारट मैदानांकडे उडतात. १९९५ पासून हे खाजण रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि त्याच्या काठाने सरळ शहराचा पायरस्ता जातो. इतक्या जवळून, इतक्या निवांतपणे हे पक्षी मी दुसरीकडे कुठेच पाहिले नाहीत.

ऑक्टोबर असूनही अंगात स्वेटर होता. त्याचं कारण बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह, आणि तो समजला की इथलं सगळंच उलगडतं. दक्षिणेचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खोल समुद्रातलं थंडगार पाणी वर येतं. त्याच्यावरची हवाही गार होते, वर चढत नाही, आणि म्हणून पाऊस नाही. वर्षाची सरासरी २० मिलिमीटरच्याही आत! पण हेच पाणी तळातलं खतही वर आणतं. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, प्लवकावर मासे, माशांवर सील आणि पक्षी. जमीन उपाशी ठेवणारा आणि समुद्र भरून टाकणारा प्रवाह एकच. वाळवंटाच्या वाट्याला येतं ते फक्त धुकं. एक काळा भुंगेरा धुक्याच्या पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, डोकं खाली करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब ओघळून तोंडात येतात.

पेलिकन पॉइंट या समुद्रात शिरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर जाताना वाटेत मिठागरं लागतात. काही वाफ्यांचं पाणी चक्क गुलाबी असतं. खूप खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. टोकाला दीपगृह, आणि त्याच्या पायथ्याशी सीलांची वसाहत. वास आधी येतो, आवाज मागून. कयाकमध्ये बसलं की पिल्लं स्वतःहून जवळ येतात, वल्ह्याचं टोक चावून बघतात. किनाऱ्यावर कोल्हे अशक्त पिल्लाची वाट बघत फिरत असतात. ते बघवत नाही, पण त्यांनाही इथे दुसरं अन्न फारसं नाही.

सगळ्यात भारावून गेले ते सँडविच हार्बरला. बंदर नावालाच, एकोणिसाव्या शतकात व्हेल मारणारे आणि ग्वानोचे, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खताचे व्यापारी इथे जहाजं आणत, पुढे ते गाळाने भरून गेलं. शहरापासून दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटर, आणि शेवटचा टप्पा म्हणजे डावीकडे वाळूची उभी भिंत, उजवीकडे अटलांटिक आणि मधे जेमतेम गाडीपुरती ओली पुळण. भरतीला तीही उरत नाही, म्हणून सहलीची वेळ ओहोटीवर ठरते. वर चढल्यावर दिसतं की लाटा थेट टेकडीचा पायथा खातायत. ही वाळू मुळात दूर दक्षिणेच्या ऑरेंज नदीने समुद्रात आणून टाकलेली. प्रवाहाने ती किनाऱ्याने उत्तरेकडे नेली, वाऱ्याने आत उडवली. किनाऱ्याजवळ ती फिकी, आत जावं तशी लोहाच्या गंजाने तांबूस होत जाते. मधेच जांभळे पट्टे दिसतात, ते गार्नेट या खनिजाचे कण. आमच्या चालकाने चुंबक फिरवून काळी वाळू वेगळी काढून दाखवली. मग त्याने आम्हाला उतारावरून बसून घसरायला लावलं. वाळू आतून घुमते, विमान लांबून यावं तशी, आणि ती थरथर मांड्यांना जाणवते.

चालक टोपनार समाजातला. कुइसेब नदीकाठी हे लोक पिढ्यान्पिढ्या राहतात. नदी बहुतेक काळ कोरडीच, पण जमिनीखालच्या पाण्यापर्यंत मुळं पोचवणारं ‘नारा’ हे काटेरी, बिनपानांचं झुडूप त्यांना फळ देतं. गर शिजवतात, बिया वाळवून ठेवतात. याच नदीने दक्षिणेचा वाळूचा समुद्र थोपवलाय. किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टी तेवढी निसटून स्वाकोपमुंडपर्यंत गेली. ‘ड्यून सेव्हन’ ही प्रसिद्ध टेकडी त्याच पट्टीतली. चढायची तर सकाळीच, आणि पाणी घेऊन.

या बंदराचा इतिहासही वेगळा. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये ते ताब्यात घेतलं, पुढे ते दक्षिण आफ्रिकेकडे गेलं. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला, तरी एवढं मोलाचं बंदर दक्षिण आफ्रिकेने १९९४ पर्यंत सोडलं नव्हतं.

एक दिवस वेल्विचियासाठी राखून ठेवाच. स्वाकोप नदीच्या खोऱ्यातल्या करड्या, चंद्रासारख्या उजाड टेकड्या ओलांडल्या की खडीच्या मैदानात ही झाडं भेटतात. जन्मभर दोनच पानं. वारा ती फाडून चिंध्या करतो आणि ती बुडाशी वाढतच राहतात. हजार वर्षांहून जुनी झाडंही आहेत. जवळून बघा, पण बुंध्याभोवती पाय ठेवू नका, मुळं वरच्या वर पसरलेली असतात. तिकडे जायचा परवाना आधीच स्वाकोपमुंडमध्ये काढून ठेवा.