गावापुरती पुस्तके आणि १७८३ सालचा लाल सूर्य

एकाच गावाबद्दल, त्याच गावात आयुष्य काढलेल्या माणसाने लिहिलेले पुस्तक ग्रंथालयात नेमके कोणत्या कपाटात ठेवायचे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. सुझुकी बोकुशी या जपानी कापड-व्यापाऱ्याने १८३७ साली प्रसिद्ध केलेले ‘होकुएत्सु सेप्पु’ हे पुस्तक पाहा. शिओझावा या अतोनात बर्फ पडणाऱ्या गावात तो राहत असे. त्याच्या पुस्तकात हिमकणांच्या आकृत्या आहेत, विणलेले तलम कापड बर्फावर पसरून शुभ्र कसे करतात याचे वर्णन आहे, हिमकडे कोसळून गाडल्या गेलेल्या माणसांच्या हकिकती आहेत आणि भाताच्या मुदींच्या बदल्यात हमालाचे ओझे वाहून देणाऱ्या एका केसाळ प्राण्याची गोष्टही आहे. हा इतिहास, निसर्ग, विज्ञान की गूढकथा? बोकुशीने असा भेद केलाच नाही आणि बहुधा त्यामुळेच अशी पुस्तके कोणत्याही एका विषयाच्या वाचकाला सहसा सापडत नाहीत.

मला आज प्रामुख्याने लिहायचे आहे ते अशाच आणखी दोन पुस्तकांविषयी, कारण एका पुस्तकातले कोडे दुसऱ्यात सुटते.

पहिले पुस्तक गिल्बर्ट व्हाइट यांचे. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या सेल्बर्न गावचे हे पाद्री. गावाचा निसर्ग आणि प्राचीन अवशेष यांविषयीचे त्यांचे पुस्तक १७८९ साली निघाले आणि त्याचा निसर्गविषयक भाग पत्रांच्या रूपात आहे. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन छोटे पक्षी मुख्यतः आवाजावरून वेगळे आहेत, हे त्यांनी ओळखले. जमीन सुपीक ठेवण्यात गांडुळांचा केवढा वाटा असतो, हेही त्यांनी लिहून ठेवले. पाकोळ्या हिवाळ्यात दूर देशी जातात की जवळपासच कुठे दडून झोपतात, हा प्रश्न मात्र त्यांना अखेरपर्यंत छळत राहिला. इंग्रजी वाचकांना हे पुस्तक अपरिचित नाही. पण त्यातल्या पक्ष्यांविषयी जितके बोलले जाते, तितके त्यातल्या पासष्टाव्या पत्राविषयी बोलले जात नाही.

हे पत्र १७८३ च्या उन्हाळ्याविषयी आहे. २३ जूनपासून २० जुलैपर्यंत गावावर एक विलक्षण धुरकट आवरण पसरले होते, असे व्हाइट सांगतात. वारा सर्व दिशांनी वाहून गेला, तरी ते हटले नाही. भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज दिसे आणि त्याचा गंजाच्या रंगाचा उजेड जमिनीवर पडे. उगवताना आणि मावळताना तो रक्तासारखा लाल होई. उकाडा एवढा होता की कापलेले मांस दुसऱ्या दिवशी खाण्याजोगे उरत नसे. खेडूत भयभीत झाले होते आणि त्यांच्या भीतीला व्हाइट हसत नाहीत. त्याच सुमारास इटलीत भूकंप झाले आणि नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ समुद्रातून ज्वालामुखी वर आला, हे ऐकीव वृत्तही ते नमूद करतात, पण त्याच्याशी धुरक्याचा थेट संबंध जोडत नाहीत. हाताशी पुरावा नसताना पुढचे पाऊल न टाकण्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

त्याच उन्हाळ्याचे दुसरे पुस्तक आइसलँडमध्ये, किर्क्युबायार्क्लाउस्तुर या वस्तीत, योन स्टेइनग्रिम्सन या पाद्र्याने लिहिले. ८ जून १७८३ रोजी, सणाच्या रविवारी, उत्तरेकडून काळ्या वाळूचा ढग आला, तेथून त्याचे कथन सुरू होते. लाकी येथे जमिनीला सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग पडली होती आणि तिच्यातून निघालेला लाव्हा नदीच्या घळीतून वस्त्यांकडे उतरत होता. मोठी नदी आटली, गवत करपले, पावसात गंधक आणि केसांसारखे काचेचे तंतू पडू लागले. जनावरांच्या नाकपुड्या आणि खुरांजवळची कातडी पिवळी पडून सोलवटली, फासळ्यांवर आणि सांध्यांवर गाठी आल्या. त्यानेही सूर्य लाल गोळ्यासारखा दिसत असल्याचे लिहिले आहे. २० जुलैला, लाव्हा चर्चच्या दिशेने येत असताना, त्याने लोकांना जमवून प्रार्थना घेतली. बाहेर येऊन पाहतात तो प्रवाह पुढे सरकलेला नव्हता, जागीच साचत होता, आणि नद्यांचे पाणी त्यावरून वाहत होते. त्याला ही देवाची कृपा वाटली. पण त्या पाण्याची नोंद त्याने गाळली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

उद्रेक पुढे फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला. त्यातून सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळला आणि त्यापासून बनलेले आम्लाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर युरोपभर पसरले. सेल्बर्नवरचे आवरण त्यांचेच होते. जनावरांच्या हाडांवरच्या गाठी राखेबरोबर गवतावर बसलेल्या फ्लोरिनमुळे आल्या होत्या. आइसलँडमधील बहुतांश मेंढ्या मेल्या आणि पुढच्या दुष्काळात सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. योनची पत्नीही १७८४ मध्ये गेली. धुरक्याचे कारण आइसलँडमधला ज्वालामुखी असू शकेल, असा तर्क त्या काळीच बेंजामिन फ्रँकलिन यांनी केला होता. परंतु उद्रेकाचा दिवसावार क्रम लावताना भूवैज्ञानिकांना आधार झाला तो योनच्याच वृत्तांताचा.

योनने हे लेखन १७८८ साली पूर्ण केले, म्हणजे व्हाइट यांच्या पुस्तकाच्या जेमतेम एक वर्ष आधी. त्याचा इंग्रजी अनुवाद मात्र १९९८ साली आला. दोन्ही पुस्तके मिळाली, तर आधी व्हाइट यांचे पासष्टावे पत्र वाचावे, ते अगदी छोटे आहे. मग योनच्या वृत्तांतातले जून आणि जुलैचे आठवडे तारखा जुळवत सावकाश वाचावेत. सेल्बर्नमध्ये धुरके दिसू लागले, तेव्हा आइसलँडमध्ये आग लागून पंधरा दिवस झाले होते.