समिट अव्हेन्यू, नदीपासून कॅथेड्रलपर्यंत चालत

आई-बाबा मिरजेहून आले होते, बाबा रेल्वेतून रिटायर, त्यामुळे अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या सेंट पॉल शहरात काय दाखवायचं हा प्रश्नच नव्हता. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवाल्या जेम्स हिलचं घर. पण नुसतं घर बघून परत यायचं नव्हतं, ते ज्या रस्त्यावर आहे तो अख्खा समिट अव्हेन्यू चालायचा होता, साडेचार मैल म्हणजे साधारण सव्वासात किलोमीटर.

बरेच लोक टेकडीवरच्या कॅथेड्रलकडून, म्हणजे मोठ्या चर्चकडून, सुरुवात करतात. माझं मत उलट, मिसिसिपीच्या काठावरून निघा. वस्ती टेकडीकडून नदीकडे वाढत गेली, त्यामुळे या बाजूने चाललं की घरं हळूहळू जुनी आणि अवाढव्य होत जातात, आणि हिलचं घर शेवटी येतं. नदीच्या टोकाला जी सेमिनरी (पाद्री घडवणारी शाळा) आहे तिलाही पैसा हिलनेच दिलेला, बायको कॅथलिक म्हणून. बाबा म्हणाले, "म्हणजे दोन्ही टोकांची स्टेशनं याचीच!"

नदीपासून लेक्सिंग्टन या आडव्या रस्त्यापर्यंत मधोमध झाडांचा रुंद पट्टा आहे, चालायला एकदम मस्त. पूर्वी इथे एल्मची कमान होती म्हणे, १९७० च्या दशकात डच एल्म रोगाने ती झाडं गेली, आता वेगवेगळ्या जातींची आहेत. ऑक्टोबरमध्ये गेलात तर पिवळा-तांबडा पाचोळा पायाखाली करकरत असतो.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, या रस्त्यावर बहुतेक घरंच, चहा-कॉफी आणि बाथरूमसाठी शेजारच्या ग्रँड अव्हेन्यूवर जावं लागतं, आईवडील सोबत असतील तर हे आधीच ठरवून ठेवा. आम्ही तिकडेच डबा खाल्ला, थेपले, आणि मग पुढे १००६ नंबरला गव्हर्नरचं घर, ५९९ ला ते तपकिरी दगडाचं चाळवजा घर जिथे अमेरिकन लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्डने १९१९ मध्ये पहिली कादंबरी पुन्हा लिहून काढली. आईला प्रत्येक घरासमोर एकच प्रश्न, "एवढा बर्फ काढतं कोण गं?"

हिलचं घर २४० नंबर. लाल दगडाचं, १८९१ मध्ये पूर्ण झालेलं, ३६,००० स्क्वेअर फूट, तेरा बाथरूम, बावीस फायरप्लेस. टूरचं तिकीट ऑनलाइन आधी काढलेलं बरं, आणि दुपारचंच काढा, कारण घरं बघत बघत चाललं की वेळ कुठे जातो कळत नाही. आत आर्ट गॅलरीत चक्क पाइप ऑर्गन आहे. बाबा मात्र रमले ते दिव्यांमध्ये, गॅस आणि वीज दोन्हीची सोय, कारण तेव्हा विजेवर कुणाचा भरवसा नव्हता. टूर संपल्यावर गाइडला त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला की हिलच्या रेल्वेत स्टाफला फ्री पास मिळायचा का. गाइडबाई हसल्या, म्हणाल्या हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. कॅथेड्रल समोरच आहे, पण पायऱ्या बघून आईने बाहेरूनच नमस्कार केला.