अंफवा: जेवणाच्या कवितेचं गाव

बँकॉकहून व्हॅनने दीडेक तासात अंफवा येतं. बहुतेक जण जातात ते तिथल्या तरंगत्या बाजारासाठी (तो शुक्रवार ते रविवारच भरतो, त्यामुळे वार बघून जा), पण मला ओढ होती ती थायलंडच्या दुसऱ्या रामा राजाची. १७६७ साली तो याच गावात जन्मला, १८०९ ते १८२४ गादीवर होता, आणि राजापेक्षा मला तो कवी म्हणूनच जास्त आवडतो, कारण त्याने चक्क स्वयंपाकावर नौकागीत लिहिलंय! वल्ह्यांच्या तालावर म्हणायची ही गाणी, आणि त्यात एकेक पदार्थ येतो नि प्रत्येकाबरोबर त्याला त्याची प्रिया आठवते. ती म्हणजे बुनरॉत, पुढे राणी झाली, तिच्याच हातच्या जेवणावर हे लिहिलं असं मानतात.

सुरुवातच मस्समान या मसालेदार कालवणापासून. जिऱ्याचा वास, जहाल चव, आणि ज्याने एकदा खाल्लं तो करणारीसाठी झुरणारच, असं तो सांगतो. पुढे परदेशी पद्धतीचा वेलचीचा भातसुद्धा आहे, तो वाचून मला लगेच पुलावच आठवला.

बाजारात एका मावशींकडे फॉय थॉन्ग करताना बघत कितीतरी वेळ उभी राहिले. बारीक भोकाच्या कोनातून अंड्याचं पिवळं बलक उकळत्या साखरेच्या पाकात गोल गोल सोडायचं, शेवयांसारखे सोनेरी धागे तयार होतात, मग काडीने उचलून अलगद घडी घालायची. राजाला या धाग्यांवरून आठवतं काय, तर ती सोनेरी चिनी रेशमाने शिवत बसायची ते! इतकं घरातलं, इतकं जवळचं प्रेम दरबारी कवितेत वाचून मी खरंच हलले.

त्याच्याच 'सांग थॉन्ग' नाटकात तर जेवणच पत्र होतं. शंखातून जन्मलेला मुलगा लहानपणीच आईपासून तुटतो, मोठा होऊन राजा होतो, मग आई त्याच्याच मुदपाकखान्यात कामाला लागते आणि कोहळ्याच्या सात फोडींवर त्याची सगळी कहाणी कोरून त्या कालवणात सोडते. तो ताटातल्या फोडी बघतो आणि आईला ओळखतो. आपल्याकडे दमयंती बाहुकाच्या हातची चव घेऊन नळाला ओळखते, ते मला फार आवडतं, पण ही कोरलेली कोहळ्याची फोड त्याहून आवडली.

जाणार असाल तर आधी राजाच्या नावाचं उद्यान आणि तिथली जुनी लाकडी घरं बघा, मग पोटात भूक ठेवूनच बाजारात शिरा.